एक संगणक, पडदे अनेक

२०२०च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि अनेकांचे कार्यालय घरातल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. आमचेही आले. लॅपटॉपचा दीड वितीचा पडदा दिवसभर पाहून मान आणि डोळे दोन्ही कुरकुरू लागले. घरात दोन जुने मॉनिटर पडून होते, पण लॅपटॉपला बाहेरच्या पडद्यासाठी तोंड एकच. तेव्हा आम्ही एका तोंडाची दोन तोंडे करणारी एक साधी जोडणी आणली आणि दोन्ही मॉनिटर लावले. दोन्ही पडदे उजळले खरे. पण दोन्हींवर एकच चित्र! एकावर आलेख आणि दुसऱ्यावर लेखाचा मसुदा असे काही केल्या होईना.

त्याच सुमारास शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीची अडचण निराळीच होती. धड्याची चित्रे मुलांना दाखवायला सुरुवात केली की तिच्या पडद्यावरून मुलांचे चेहरे नाहीसे होत. कोणाला समजले, कोण गोंधळले, कोण उठून गेले, काहीच दिसेना. वर्गात शिक्षक एका नजरेत टिपतो त्या सगळ्या गोष्टी तिला पारख्या झाल्या होत्या. तिलाही दुसरा पडदा हवा होता. चैनीसाठी नव्हे, तर मुले दिसावीत म्हणून.

एका वायरीतून एक चित्र जाते, तर तीच वायर दुभागली की दोन चित्रे का मिळू नयेत? प्रश्न बाळबोध वाटतो, पण त्याचे उत्तर शोधायला संगणकाच्या पडद्याचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

पहिले प्रतिबिंब

कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली कॅथोड किरण नलिकेचा उपयोग करून विद्युत्प्रवाहातले चढउतार डोळ्यांना दिसतील असे उपकरण बनवले. या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या पुढच्या बाजूवर आदळतो आणि तिथला लेप क्षणभर चमकतो. पुढे याच नलिकेतून दूरचित्रवाणीचा पडदा आला. संगणकात मात्र ती शिरली ती पडदा म्हणून नव्हे, तर स्मृती म्हणून.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी काचेवरच्या विद्युतभाराच्या ठिपक्यांतून आकडे साठवण्याची युक्ती शोधली. ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, म्हणजे एकूण १०२४ ठिपके, एवढीच ती स्मृती. काचेवरचा भार हळूहळू गळून जातो, म्हणून ठिपके सतत वाचून पुन्हा लिहावे लागत. वाचण्यासाठी काचेच्या तोंडावर धातूची पट्टी बसवलेली असे, त्यामुळे आत काय लिहिले आहे ते डोळ्यांना दिसण्याची सोय नव्हती. यावर त्यांनी सोपा उपाय केला. तसलीच दुसरी नलिका पहिलीला समांतर जोडली. पहिलीत झोत जिथे जाई तिथेच तो दुसरीतही जाई आणि आतले ठिपके बाहेर उमटत. २१ जून १९४८ रोजी या यंत्राने स्मृतीत साठवलेला पहिला कार्यक्रम चालवला, तेव्हा उत्तर वाचले गेले ते अशाच एका नलिकेच्या तोंडावर.

ही जोडणी नीट लक्षात ठेवावी. दुसऱ्या नलिकेला स्वतःचे काहीच नव्हते. पहिलीला मिळणारा संकेतच तिलाही मिळत होता. ती पहिलीचे प्रतिबिंब होती. २०२० साली आम्ही आणलेल्या जोडणीने याहून वेगळे काही केले नाही. पाण्याच्या नळाला दोन तोट्या बसवल्या तर दोन्हींतून पाणीच येणार. एकीतून पाणी आणि दुसरीतून दूध अशी अपेक्षा करणे चूक.

पडद्याला काय काय लागते?

नलिकेचा लेप क्षणात विझतो. म्हणून झोताला डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा सारा पडदा सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हापुन्हा रंगवावा लागतो. आपण ज्याला स्थिर चित्र म्हणतो ते प्रत्यक्षात एक अखंड चाललेले काम आहे. हे काम संगणकाने करायचे तर तीन गोष्टी लागतात. प्रत्येक ठिपका उजळ की काळा हे साठवणारी स्मृती; ओळ कधी संपली, पडदा कधी संपला, झोत परत कधी न्यायचा याचा ताल राखणारे मंडल; आणि तो संकेत पडद्यापर्यंत नेणारी वाट. स्मृती, ताल आणि वाट ही त्रिसूत्री ध्यानात ठेवली, की पुढचा सारा इतिहास सोपा होतो.

सुरुवातीला अडचण स्मृतीची होती. ती इतकी महाग होती, की पडद्याच्या ठिपक्यांवर ती खर्च करणे परवडत नसे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस, पडद्यावरचे लेखन आणि दुरून एकत्र काम करण्याची पद्धत दाखवून उपस्थितांना थक्क केले. त्यांच्या प्रयोगशाळेने पडद्यासाठी केलेली तोड मोठी मजेदार आहे. संगणक एका लहानशा नलिकेवर रेघा आणि अक्षरे काढी. त्या नलिकेसमोर दूरचित्रवाणीचा कॅमेरा रोखलेला असे आणि कॅमेऱ्यातले चित्र केबलने काम करणाऱ्याच्या टेबलावरील पडद्यावर जाई. प्रत्येक पडद्यामागे एक नलिका आणि एक कॅमेरा. वेगळे चित्र हवे तर वेगळी नलिका हवी, हा हिशेब तिथे उघड दिसत होता.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याच्या उभ्या पडद्यावर ६०६ गुणिले ८०८ ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत एक बिट राखून ठेवलेला होता. गुणाकार केला तर ४,८९,६४८ बिट, म्हणजे सुमारे ६० किलोबाइट होतात. संगणकाची एकूण स्मृती १२८ किलोबाइट. जवळजवळ निम्मी स्मृती एका पडद्याने खाल्ली! अशा काळात दोन पडद्यांचा विचार कोण करणार?

१९८१ : एका पेटीत दोन कार्डे

तरीही दोन पडदे आले, आणि तेही कोणी मुद्दाम ठरवून नव्हे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यासाठी पडद्याची दोन कार्डे मिळत. एक एकरंगी, ते फक्त अक्षरे दाखवी, पण ७२० गुणिले ३५० ठिपक्यांत, म्हणून अक्षरे सुबक दिसत. दुसरे रंगीत; ते चित्रे काढू शके, पण चार रंगांत ३२० गुणिले २०० ठिपके एवढीच त्याची मजल, त्यामुळे अक्षरे ओबडधोबड. कार्यालयाला पहिले हवे, आलेख काढणाऱ्याला दुसरे.

ही दोन्ही कार्डे एकाच पेटीत सुखाने नांदू शकत होती. एकरंगी कार्डाची ४ किलोबाइट स्मृती ७,२०,८९६ या घरक्रमांकापासून सुरू होई, तर रंगीत कार्डाची १६ किलोबाइट स्मृती ७,५३,६६४ पासून. घरे वेगळी असल्याने भांडण नव्हते. दोन्ही कार्डांवर मोटोरोला कंपनीची ६८४५ ही चिप होती आणि ओळींचा व पडद्याचा ताल राखणे हेच तिचे काम. दोन स्मृती, दोन ताल, दोन वाटा. त्रिसूत्री पुरी झाली.

लोकांनी याचा फायदा घेतला. १९८३ साली आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या कार्यक्रमात एकरंगी पडद्यावर आकड्यांचा तक्ता आणि रंगीत पडद्यावर त्याचा आलेख असे एकाच वेळी पाहता येई. कार्यक्रम लिहिणाऱ्यांना तर हे वरदानच वाटले. ज्या कार्यक्रमातला दोष शोधायचा तो एका पडद्यावर चालवायचा आणि दोष शोधणारे साधन दुसऱ्यावर ठेवायचे. मग पहिल्याने आपल्या पडद्याचा विचका केला तरी दुसरा शाबूत राहतो.

या कथेत एक धोकाही होता. दोन्ही कार्डांना मॉनिटर जोडण्याचे तोंड अगदी सारखे, नऊ पिनांचे. आतला ताल मात्र वेगळा. एकरंगी कार्ड सेकंदाला सुमारे १८,४०० ओळी पाठवी, तर रंगीत कार्ड सुमारे १५,७००. एकाचा मॉनिटर चुकून दुसऱ्या कार्डाला लावला, तर वायर अगदी बेमालूम बसे आणि मॉनिटर बिघडण्याचा संभव असे. तोंडाच्या आकारावरून आतला स्वभाव कळत नाही, हा धडा तेव्हाचा. तो आजही जुना झालेला नाही, हे पुढे दिसेलच.

एकच टेबल, अनेक खिडक्या

आयबीएमच्या दोन पडद्यांना एकमेकांची ओळख नव्हती. एकावरची वस्तू सरकवत दुसऱ्यावर नेता येत नसे. ही ओळख घडली १९८७ मध्ये, ॲपल कंपनीच्या ‘मॅकिंटॉश २’ या संगणकात. त्यात सहा खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत पडद्याचे कार्ड बसवता येई. पडदे कसे मांडले आहेत हे संगणकाला एका छोट्या आकृतीत दाखवून द्यायचे, की माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून निघून थेट शेजारच्यावर उतरे. साऱ्या पडद्यांचे मिळून एकच मोठे टेबल बनले.

यामागचे गणित आठवीच्या मुलांना सहज समजावे असे आहे. मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा हा आरंभबिंदू, म्हणजे (०, ०). पडदा ६४० ठिपके रुंद असेल तर उजवीकडच्या पडद्याचा क्ष-निर्देशक ६४० पासून सुरू होतो आणि डावीकडचा पडदा उणे ६४० पासून उणे १ पर्यंत पसरतो. ऋण संख्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला डावीकडचा मॉनिटर दाखवावा!

त्याच वर्षी आयबीएमने व्हीजीए हे नवे मानक आणले. ६४० गुणिले ४८० ठिपके, पंधरा पिनांचे तोंड आणि लाल, हिरवा, निळा या रंगांसाठी तीन वेगळ्या वाटा. शाळांतल्या जुन्या मॉनिटरांवर आणि प्रोजेक्टरांवर हे निळे तोंड आजही दिसते. पण गंमत अशी, की या प्रगतीने दुसऱ्या पडद्याची वाट अडवली. प्रत्येक व्हीजीए कार्ड स्मृतीतला तोच घरक्रमांक मागे. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे कशी राहणार? पुढे १९९२ साली पीसीआय ही जोडणीची पद्धत आली आणि कार्डांना निरनिराळे पत्ते वाटून देता येऊ लागले. १९९८ साली आलेल्या ‘विंडोज ९८’ने तर नऊ पडद्यांपर्यंत एकच टेबल पसरू दिले. १९९९ मध्ये कॅनडातील मॅट्रॉक्स कंपनीने एकाच कार्डातून दोन स्वतंत्र पडदे चालवून दाखवले. म्हणजे आता दोन तालमंडले एका चिपमध्ये आली.

लॅपटॉपमध्ये नवे कार्ड बसवायला सहसा खाच नसते. त्यामुळे किती स्वतंत्र पडदे चालतील हे चिप घडवतानाच ठरून जाते. २०२० साली ॲपलने आपली एम १ ही चिप घातलेले लॅपटॉप आणले. वेगाने ते अनेकांना मागे टाकणारे होते, पण स्वतःच्या पडद्याखेरीज बाहेरचा एकच पडदा ते चालवत. २०२४ च्या एम ३ चिपच्या मॅकबुक एअरवर झाकण मिटले तर बाहेरचे दोन पडदे चालू लागले आणि २०२५ च्या एम ४ वर झाकण उघडे ठेवूनही. वेग आणि पडद्यांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळावे.

वाटेतून किती चित्र वाहते?

आता तिसऱ्या सूत्राकडे, वाटेकडे वळू. इथे थोडा गुणाकार करावा लागेल.

आजच्या साध्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार होतो सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट. पण प्रत्यक्षात वाटेवरून सुमारे ३५६ कोटी बिट जातात. हे जादाचे कुठून आले? नलिकेतला झोत ओळ संपली की परत डावीकडे यायला वेळ घेई आणि तेवढा काळ रिकामा सोडावा लागे. नलिका गेली, झोत गेला, सपाट पडदे आले. तरी वेळापत्रकातली ती रिकामी जागा राहिली. १०८० ओळींच्या चित्रात आजही ११२५ ओळींचा वेळ धरलेला असतो. एचडीएमआय या जोडणीने त्या रिकाम्या वेळेत आवाज पाठवायला सुरुवात करून तिचा सदुपयोग केला आहे.

१९९९ साली आलेली डीव्हीआय आणि २००२ ची एचडीएमआय या जोडण्यांनी संकेत अंकांच्या रूपात नेला, पण पद्धत जुनीच राहिली: एक वाट, एक चित्र. पुढची पायरी ठरली डिस्प्लेपोर्ट. २००६ मध्ये आलेल्या या पद्धतीत चित्राचे लहान लहान पुडे बांधून पाठवतात. पुड्यांवर पत्ता घालता येतो; आणि पत्ता आला की एकाच वाटेवरून अनेकांची पत्रे नेता येतात. २०१० साली जाहीर झालेल्या १.२ या आवृत्तीत ही सोय झाली. एका मॉनिटरमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी माळ लावता येऊ लागली. या वाटेच्या चार मार्गिकांवरून मिळून सेकंदाला १,७२८ कोटी बिट चित्र जाते. त्याला ३५६ ने भागले तर चार पडदे मावतात.

मात्र वाट रुंद झाली म्हणून बाकीची दोन सूत्रे सुटत नाहीत. प्रत्येक चित्रासाठी संगणकात वेगळी स्मृती आणि वेगळा ताल लागतोच, आणि संगणकप्रणालीलाही ही पद्धत ठाऊक असावी लागते. विंडोजला ती ठाऊक आहे. ॲपलच्या प्रणालीने ती स्वीकारलेली नाही, म्हणून तोच दुभागणारा ठोकळा विंडोजच्या लॅपटॉपवर दोन चित्रे देतो आणि मॅकवर एकाचेच प्रतिबिंब.

एक तोंड, अनेक स्वभाव

२०१४ साली यूएसबी-सी हे २४ संपर्कांचे लंबगोल तोंड आले. वीज, माहिती आणि चित्र सारे एकाच वायरीतून, ही त्यामागची कल्पना. पण त्यातल्या वेगवान मार्गिका चारच. त्यांतल्या दोन माहितीला दिल्या तर चित्राला दोन उरतात, आणि १.२ च्या दराने त्यांतून ८६४ कोटी बिट जातात. साधे दोन पडदे, म्हणजे ७१२ कोटी, त्यात बसतात. ‘फोर के’ म्हटला जाणारा ३८४० गुणिले २१६० चा पडदा मात्र दिसणारे ठिपकेच धरले तरी ११९४ कोटी मागतो. तो बसत नाही. मग संगणक मुकाट्याने सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे पाठवतो आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. मॉनिटर बिघडला असे समजून लोक तो परत करायला निघतात; बिघाड मॉनिटरमध्ये नसून वजाबाकीत असतो. नव्या आवृत्त्यांत दर वाढले आहेत आणि चित्र दाबून पाठवण्याची सोयही आली आहे, पण ती दोन्ही टोकांना असावी लागते.

काही लंबगोल तोंडांतून तर चित्र मुळीच येत नाही. तोंड तेच, वायर बेमालूम बसते, पडदा काळाच. १९८१ च्या नऊ पिनांची आठवण यावी!

ज्या लॅपटॉपला दुसरे चित्र पाठवताच येत नाही त्यांच्यासाठी डिस्प्लेलिंक या नावाचा एक उपाय आहे. यात संगणक चित्र आकुंचित करून साध्या यूएसबीवरून, एखादी फाईल पाठवावी तसे, पाठवतो. बाहेरच्या ठोकळ्यातली चिप ते उलगडते, स्वतःच्या स्मृतीत मांडते आणि स्वतःच्या तालावर पडद्याला देते. त्रिसूत्री इथेही चुकलेली नाही. तिची दोन सूत्रे फक्त घराबाहेर बिऱ्हाड करून राहिली आहेत. संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर थोडा भार येतो आणि वेगाने हलणारी चित्रे किंचित मागे पडतात, पण लेखन-वाचनाला ते पुरेसे असते. आम्ही शेवटी हेच केले: एक मॉनिटर एचडीएमआयला आणि दुसरा अशा ठोकळ्याला. दुभागणारी जोडणी खणात पडून आहे.

मैत्रिणीचा प्रश्न मात्र विनाखर्च सुटला. शाळेच्या अडगळीतला एक व्हीजीए मॉनिटर परवानगी घेऊन तिने घरी आणला. तिच्या जुन्या लॅपटॉपला ते निळे तोंड होतेच. आधी दोन्हींवर एकच चित्र दिसले, कारण प्रोजेक्टरसाठी तशी सवय लावलेली होती. विंडोजची कळ आणि ‘पी’ ही कळ एकत्र दाबून तिने ‘एक्स्टेंड’ निवडले आणि धडा एका पडद्यावर, मुले दुसऱ्यावर अशी विभागणी झाली. स्वतःचा एक आणि बाहेरचा एक एवढ्याला लागणारी दोन तालमंडले तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होतीच. ती फक्त वापरली गेली नव्हती.

शिक्षकांनी हा विषय वर्गात न्यावा असे आम्हांला वाटते. शाळेतल्या प्रत्येक मॉनिटरचे ठिपके मुलांकडून मोजवून घ्यावेत, सेकंदाला लागणारे बिट काढायला सांगावे आणि ‘हे या वायरीत मावेल का?’ असे विचारावे. मग संगणकाच्या मागचे प्रत्येक तोंड दाखवून तीन प्रश्न करावेत: या चित्राची स्मृती कुठे आहे, ताल कोण राखतो, आणि वाट किती रुंद आहे? दुकानात जाण्यापूर्वी हेच तीन प्रश्न आम्ही स्वतःला विचारले असते, तर ती पहिली जोडणी विकत आणली नसती. पण मग हा लेखही लिहिला गेला नसता.